उतरावहिनी आणि चालणारा घोडा

रंगाऱ्यांच्या टोळीत माणसाला नाव चिकटायला वेळ लागत नाही. सकाळी कामावर आलेला गडी दुपारी डबा उघडेपर्यंत नव्या नावाचा धनी झालेला असतो. ज्याचं तोंड दिवसभर सुरू तो रेडिओ. स्टुलावर उभा राहून छताला हात टेकवतो तो लांबट. आणि जी खाली उभी राहून दर दहा मिनिटांनी ‘उतरा!’ म्हणून ओरडते ती उतरावहिनी.

बाई पंचेचाळिशीची. अंगकाठी अशी की फुंकर मारली तर हलेल, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या हातातला ब्रश गळून पडावा. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला फडकं आणि हातात काठीचा एक तुकडा. रोज सकाळी त्या काठीनं शिडीची एकेक पायरी ठोकून बघायची. धड पायरी ‘टण्’ वाजते, आतून चिरलेली ‘भद्’ वाजते. भद् वाजली की ती शिडी भिंतीकडं तोंड करून उभी. मग कुणी कितीही विनवण्या करू दे.

ह्या बाईच्या टोळीत तीन वर्षांत एक माणूस पडला नव्हता. एकसुद्धा!

हे रंगकामात सोपं नाही. चहाच्या वेळी चार रंगारी बसले की पडण्याच्याच गोष्टी निघतात, आणि त्या सांगण्यात काय चढाओढ! रेडिओचं गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलेलं. तो सदऱ्याचं बटण काढून दाखवायचा. लांबटाच्या हनुवटीखाली सात टाके. शेजारच्या कामावरचा एक गवंडी परांचीच्या फळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. फळी खालच्या बांबूवर नीट टेकलेलीच नव्हती. फळीचं दुसरं टोक वर आणि गवंडी खाली, थेट वाळूच्या ढिगात. उठला, कानातली वाळू काढली आणि म्हणाला, “बरं झालं, चाळलेली होती.” ह्यावर सगळे पोट धरून हसायचे. पडून परत आलेल्या माणसाची गोष्ट होते. जो परत येतच नाही त्याचा विषय कुणी काढत नाही, चहा लवकर संपतो.

उतरावहिनीच्या घरात असा एक परत न आलेला बसलेला होता. तिचा नवरा. त्याला सगळे रंगारी उस्ताद म्हणायचे, आणि तो कशात उस्ताद होता हे कळायला आधी घोडा कळला पाहिजे.

दोन शिड्या वरच्या टोकाला बोल्टनं जोडल्या आणि खाली तंगड्या फाकवून उभ्या केल्या की झाला रंगाऱ्याचा घोडा. तंगड्या जास्त फाकू नयेत म्हणून मध्ये काथ्याची दोरी. माणूस वर चढतो, हाताला येईल तेवढं छत रंगवतो, खाली उतरतो, घोडा चार हात सरकवतो, परत चढतो. असं दिवसातून शंभर वेळा. गुडघ्यांचं वाटोळं होतं. म्हणून ज्याच्या अंगात रग असते तो उतरतच नाही. वरच दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो, कंबर डावीकडं झुकवतो, उजवी शिडी उचलली जाते, पुढं पडते. कंबर उजवीकडं, डावी पुढं. टक... टक... टक... लाकडी घोडा माणसाला घेऊन चालायला लागतो!

बघण्यासारखं असतं ते, खोटं कशाला बोला? सहा-सात फूट उंचावर बसलेला माणूस एका हातात रोलर घेऊन बगळ्यासारखा खोलीभर फिरतो. वहिनी लग्नाआधी आत्याच्या घरी राहायला गेली होती, तिथं रंगकाम चाललं होतं. ही चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. हा पठ्ठ्या घोड्यावरून टक टक करत दारापर्यंत आला, कमरेतून वाकला, कप उचलला आणि टक टक करत परत भिंतीकडं गेला. थेंबभर चहा सांडला नाही. पोरगी तिथंच कामातून गेली. पुढं आत्याच म्हणायची, “एका खोलीला रंग दिला आणि घरातली पोरगी गेली.”

वीस वर्षं उस्ताद असाच चालला. आणि तीन वर्षांपूर्वी एका ऑफिसच्या लांबलचक बोळात, भर दुपारी, घोड्यासकट फाकला. घोडा फाकतोय हे कळल्यावर त्यानं उडी मारली. सरळ टाचांवर. डॉक्टरनं फोटो दाखवला तेव्हा म्हणाला, “टाचेचं हाड म्हणजे अंड्याचं कवच. तुमच्या दोन्ही अंड्यांचा चुरा झालाय.” सळया घातल्या, पट्ट्या घातल्या, पाच महिने पलंग. आता काठी घेऊन न्हाणीपर्यंत जातो, खिडकीपाशी खुर्चीत बसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या चालण्याला नावं ठेवतो.

कसा पडलास म्हणून ज्यानं विचारलं त्याला त्यानं एकच सांगितलं: “फरशी ओली होती.”

आणि त्या ऑफिसात फरशी पुसायचं काम वहिनीकडं होतं.

त्यानं बायकोचं नाव कधी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. नातेवाइकांत, टोळीत, गल्लीत, सगळ्यांना माहीत होतं की तो बोळ त्या दुपारी कोणी पुसला. तिची जाऊ तर भांडणात दुसरं काही काढतच नसे. पाणी सांडलं की म्हणायची, “सांड सांड. तुझा हातच तसला.” वहिनी गप्प. कारण तिची तिलाच खात्री नव्हती. बोळ तिनं पुसला होता हे खरं. पण घोडा होता त्या टोकापर्यंत आपण पोचलो होतो का? फडकं पिळलं होतं का? हजार वेळा तिनं तो बोळ मनातल्या मनात पुसून बघितला. कधी त्या टोकाला कोरडा निघायचा, कधी ओला.

नवरा पलंगावर पडल्यावर तिनं फरशीचं काम सोडलं आणि त्याची टोळी हातात घेतली. लोक हसले. “बादलीवाली आता रोलर धरणार!” धरला. सहा महिन्यांत छत असं रंगवायला लागली की ब्रशचा एक ओरखडा दिसेल तर शपथ. फक्त घोडा चालवायचा नाही, हा एकच कायदा. उतरा, सरकवा, चढा. कुणी वर बसल्या बसल्या कंबर हलवली की खालून आरोळी: “उतरा!”

ह्या कायद्यानं सगळ्यात जास्त कोणाचं डोकं फिरलं असेल तर तिच्या दिराचं. धाकटा म्हणायचे त्याला. बत्तिशीतला दणकट गडी, भावाच्या हाताखाली तयार झालेला, आणि घोड्यावर भावाच्या वरताण.

“वहिनी, दिवसाला शंभर वेळा चढउतार करून माझे गुडघे तुमच्या वयाचे झाले.”

“माझे गुडघे चांगले आहेत भाऊजी. तुमच्या टाचा तुमच्याच वयाच्या राहू देत.”

“दादाचं नशीब वाईट, म्हणून आम्ही आयुष्यभर मुंगीसारखं चालायचं?”

नशीब म्हणायचा, फरशी म्हणायचा नाही. तेवढं मात्र त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं, आणि वहिनीला तो त्याचा मोठेपणा वाटायचा.

तर ही टोळी शाळेच्या नव्या हॉलचं छत रंगवत होती. हॉल कसला, मैदानच. पंधरा फुटांवर छत, एका टोकाला व्यासपीठ, खाली नवीकोरी पॉलिश केलेली फरशी. तोंड दिसायचं त्यात. वहिनीनं पहिल्याच दिवशी गोणपाटं आणून प्रत्येक घोड्याच्या पायाखाली घातली होती. चार घोडे, आठ दिवसांचं काम. आठव्या दिवशी दुपारी चार वाजता व्यासपीठाजवळचा एक पट्टा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्च्या येणार होत्या. पट्टा उतरत-चढत केला तर उरलेला दिवस जाणार. घोड्यावर चालत केला तर पाऊण तासाचं काम.

वहिनी मागच्या नळावर रोलर धुवायला गेली.

नळ बंद केला आणि तिला आवाज आला.

टक... टक... टक...

आणि त्याबरोबर टाळ्या! रेडिओ मोठ्यानं पावलं मोजत होता, “एकवीस! बावीस! चल रे वाघा! तेवीस!”

हातातला रोलर टाकून बाई पळाली. दारात आली आणि क्षणभर, अगदी पापणी लवेपर्यंत, तिचेही डोळे चमकले. धाकटा काय दिसत होता! बारा फुटांवर ताठ बसलेला, एका हातात रोलर, छताला पांढरा पट्टा ओढत व्यासपीठाकडं चाललेला, पावलागणिक हात-दीड हात अंतर कापत. लांबट खालून शिट्ट्या मारत होता. गोणपाटं मागंच पडली होती. घोडा उघड्या, गुळगुळीत फरशीवर चालत होता.

हात-दीड हात?

वहिनीची नजर खाली आली. काथ्याच्या दोरीवर घोडा एवढं मोठं पाऊल टाकूच शकत नाही. दोरी अडवते. तिनं नीट बघितलं. दोरीच्या मधोमध वीतभर निळा तुकडा होता. नायलॉनचा. काथ्याची दोरी कापून तिच्यात निळा नायलॉन जोडलेला. काथ्या खरखरीत, नायलॉन तुळतुळीत, आणि दर पावलाला एका बाजूची गाठ बोटभर सरकत होती.

“भाऊजी, थांबा.”

“आली!” वरून धाकटा हसला. “म्हणा वहिनी, उतरा म्हणा! तीन पावलं राहिली बघा. चोवी—”

गाठीचं शेपूट आत गेलं.

घोड्यानं एकदम तंगड्या टाकल्या. धाकट्याचा रोलर हवेत उडाला आणि लांबटाच्या डोक्यावर पांढरा फराटा मारून फरशीवर आपटला. घोड्याची पुढची शिडी सर्रकन घसरत गेली आणि व्यासपीठाच्या दगडी पायरीला धडकून थांबली. मागची मात्र उघड्या फरशीवर. ती निघाली सुसाट! वर धाकट्यानं दोन्ही पाय पोटाशी घेतले, हात फाकवले. उडी मारणार.

तीन वर्षांत ज्या बाईनं ‘उतरा’शिवाय दुसरं ओरडणं केलं नव्हतं, ती किंचाळली:

“उडी मारू नकोस! मिठी मार! शिडीला मिठी मार!”

सासरी आल्यापासून दिराला तिनं ‘तू’ म्हटलं नव्हतं. तो दचकूनच शिडीला चिकटला असावा.

आणि बाई? बाईनं सरळ फरशीवर झेप घेतली. मागच्या शिडीच्या पायाला खांदा आणि कंबर लावून आडवी झाली. शिडी तिला घेऊन घसरली. हात, दोन हात. “या ना मेल्यांनो! टाळ्या काय वाजवताय!” रेडिओ धावला आणि तिच्या पाठीशी बूड टेकून बसला, बुटांच्या टाचा फरशीत रोवून. लांबट त्याच्या मागं लांबचलांब पडला. तिघांची एक भिंत झाली. शिडी थरथरली, कुरकुरली आणि थांबली.

गाठीचा शेवटचा फेरा अजून धरून होता. किती वेळ धरेल ते त्या गाठीलाच ठाऊक.

“वहिनी...” वरून आवाज आला. बारीक, चिमणीएवढा.

“माझ्याकडं बघू नको. व्यासपीठाच्या बाजूनं ये. डावा पाय पलीकडून आण.”

“येत नाही.”

“येतो. तुझाच पाय आहे, ऐकेल. आण.”

पाय आला.

“आता खालची पायरी. मोज.”

“वहिनी, सरकतंय.”

“मी सरकतेय, घोडा नाही. तू मोज!”

“एक.”

“हळू. आपटू नको पाय.”

“दोन... तीन...”

“रेडिओ, श्वास बंद कर, तुझं पोट हलतंय,” वहिनी दात खाऊन म्हणाली.

“श्वास बंद केला तर मी मरेन,” रेडिओ म्हणाला.

“मग मर, पण हलू नको.”

“पाच... सहा...” धाकटा उतरत होता. घामानं त्याची पकड सुटत होती. सदऱ्याला हात पुसायला एक हात काढला तेव्हा घोडा इतका करकरला की लांबटानं डोळे मिटले. “सात.”

सातव्या पायरीवर गाठ सुटली.

फाट्कन आवाज झाला. मागची शिडी तिघांना ढकलत चांगली हातभर मागं गेली, पुढची खाली बसली, आणि धाकटा चार फुटांवरून व्यासपीठाच्या कडेवर कोपरावर पडला. घोडा त्याच्या शेजारी आडवा झाला. सगळा हॉल घुमला.

वहिनी रांगतच त्याच्याकडं गेली. तो कोपर धरून कळवळत होता, “हात! हात गेला!” पण हिनं हाताकडं बघितलंच नाही. त्याचे बूट ओढून काढले, मोजे काढले आणि दोन्ही टाचा चेपून बघायला लागली.

“इथं दुखतं? इथं?”

“हात दुखतोय हो, हात!”

“टाचा?”

“टाचांना काय झालंय?”

“काही नाही झालं!” ती ओरडली आणि खाली बसली. हसत होती की काय, कुणाला कळेना. सदरा खांद्यावर फाटलेला, खांदा सोलवटलेला, आणि बाई दिराचा एक पाय मांडीवर घेऊन बसलेली. लांबट पांढऱ्या डोक्यानं पाणी आणायला धावला. रेडिओनं दोरीचे सुटलेले दोन्ही तुकडे शिड्यांवरून सोडून घेतले, बघितले आणि मुकाट्यानं वहिनीच्या हातात दिले. तिनं ते खिशात कोंबले.

कोपर निखळलं होतं. दवाखान्यात डॉक्टरनं ओढून बसवलं, तेव्हाची धाकट्याची बोंब बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेली. बोळातल्या बाकावर वहिनी, रेडिओ आणि लांबट बसले होते. तेवढ्यात जाऊ आली. जिन्यापासूनच तिचं तोंड सुरू.

“एक भाऊ पाडून पोट भरलं नाही होय? आता माझा पाडलास! कुठली फरशी पुसली होतीस आज? सांग ना! सगळ्यांना सांग!”

येणारे-जाणारे थांबले. नर्सनं दारातून डोकं काढलं. दुपारभर तिला हीच भीती होती. तीन वर्षं दर दहा मिनिटांनी ओरडत होती ती ह्याच भीतीनं. हा पडला तर लोक म्हणतील, हिनंच दोघांना पाडलं. आणि तो पडला होता. चार फुटांवरून का होईना.

“बोल की! आता का दातखीळ बसली?”

“ए, गप!”

धाकटा दारात उभा होता. हात गळ्यात बांधलेला, तोंड चुन्यासारखं पांढरं.

“तुम्ही आत पडून राहा,” बायको म्हणाली, “मी बघते हिला.”

“तू गप म्हणतो ना! वहिनीनं मला पाडलं नाही, माझ्या गाठीनं पाडलं. वहिनी आडवी पडली म्हणून मी ह्या दोन पायांवर उभा आहे.” त्यानं दाराला टेका घेतला. वहिनीकडं बघत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. “आणि दादालाही वहिनीनं पाडलं नाही.”

“म्हणजे?”

“फरशी कोरडी होती. ठणठणीत कोरडी. त्या टोकापर्यंत वहिनी पोचलीच नव्हती. दादाच्या दोरीतही जोड होता. जोड द्यायला मला त्यानंच शिकवलं. वीतभर दोरी वाढवली की पाऊल मोठं पडतं. पडल्यावर सगळ्यात आधी तो काय म्हणाला माहितीय? टाचा नाही, पाणी नाही. म्हणाला, ‘आधी दोरी काढ.’ मी काढली. खिशात घातली. मग लोक आले आणि तो म्हणाला, फरशी ओली होती.”

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा बंद पडला होता.

“आणि हे माहीत असून तुम्ही आज तीच गाठ मारलीत?” वहिनीनं विचारलं. परत ‘तुम्ही’वर आली होती.

“मला वाटलं दादाची गाठ कच्ची असेल.” धाकटा खाली मान घालून म्हणाला. “माझी पक्की आहे असं वाटलं.”

जाऊबाई बाकावर बसली. थोड्या वेळानं पदराशी चाळा करत पुटपुटली, “मला काय माहीत.” वहिनीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठली आणि निघाली. वाटेत पाऊल असं पडत होतं की मागून येणाऱ्या लांबटाला जवळजवळ पळावं लागलं. काही अंतर गेल्यावर तो समजूतदार माणूस मागंच थांबला.

घरी उस्ताद खिडकीपाशी होता. उन्हं उतरली होती. “आज लवकर?” तो म्हणाला. “आणि तो सदरा फाडलास का माझा?”

तिनं खिशातले तुकडे काढून त्याच्या मांडीवर टाकले.

रंगारी तो. दोरीकडं एकदा बघितलं आणि सगळं वाचलं. हात तुकड्यांना लावला नाही. एवढंच विचारलं, “जगला?”

“कोपरावर निभावलं. टाचा शाबूत.”

ती समोर उभीच. कमरेवर हात.

“तोंडातून निघून गेलं गं,” तो म्हणाला. “सगळे भोवती जमलेले. उस्तादाची गाठ सुटली म्हणायचं? बादली दिसली तिकडं, आणि निघून गेलं. मग परत कसं घेणार?”

“तीन वर्षं?”

“रोज म्हणायचो, उद्या सांगू.”

“मी रोज तो बोळ पुसत होते. डोक्यात. तुमच्या समोर बसून भाजी चिरताना पुसत होते. आणि तुम्ही खिडकीतून लोकांच्या चालण्याला नावं ठेवत होता!”

त्यानं खिडकीचं दार ओढून घेतलं.

“उद्या साडेआठला,” ती म्हणाली. “हॉलमध्ये. टोळीसमोर तुमच्या तोंडानं सांगायचं. दोरीसकट.”

“लोक हसतील.”

“हसू देत की. माझ्यावर थुंकत होते तेव्हा मी मेले नाही. तुम्ही हसण्यानं मरणार आहात?”

दुसऱ्या दिवशी साडेआठला उस्ताद हॉलच्या दारात उभा! एका हातात काठी, दुसरा रेडिओच्या खांद्यावर. तीन वर्षांनी कामाच्या जागेवर आला होता. छताकडं बघितलं, एका कोपऱ्याला नाक मुरडलं, आणि नाक मुरडताना बायकोकडं बघून परत सरळ केलं. गळ्यात हात अडकवलेला धाकटाही आला होता, नको म्हणत असताना.

“बोला,” वहिनी म्हणाली.

“बोलतो. घाई कसली?” त्यानं घसा खाकरला. “हे बघा रे. तीन वर्षांपूर्वी फरशी ओली नव्हती. माझ्या दोरीला जोड होता. गाठ मी मारली होती. ती सुटली. घाबरून उडी मी मारली. बायकोचा काही संबंध नव्हता, आणि मी तो लावू दिला.” थांबला. “झालं.”

“झालं काय? दोरी दाखवा.”

त्यानं धाकट्याच्या घोड्याची दोरी दाखवली. हात वर करून, एका टोकाला निळं, एका टोकाला तपकिरी. उस्तादाचे कान लाल झाले होते. पण हसलं कुणीच नाही. उलट एक चमत्कारिक गोष्ट झाली. लांबट हळूच मागं सरकला, आपल्या घोड्याजवळ जाऊन ओणवा झाला आणि काहीतरी सोडायला लागला.

“काय रे?” वहिनी ओरडली.

लांबटानं वर धरलं. हिरव्या नायलॉनचा वीतभर तुकडा.

“मी कधी चालवला नाही वहिनी! नुसता... असावा म्हणून ठेवला होता.”

मग रेडिओनं उस्तादाला खांबाला टेकवलं आणि तो गेला. त्याच्या घोड्यातून पिवळा तुकडा निघाला. तीन वर्षं रोज सकाळी बाई पायऱ्या ठोकत होती आणि दोरीला एकदाही हात लावला नव्हता. आडव्या पडलेल्या धाकट्याच्या घोड्याचे तुकडे तर हातातच होते. राहिला चौथा घोडा. तो तिचा स्वतःचा, पूर्वी उस्तादाचा. ती तरातरा गेली, दोरी बोटांतून सरकवत नेली आणि मधोमध थांबली.

काळा तुकडा. मळून दोरीच्या रंगाचा झालेला.

“हा कुणाचा?” तिनं न वळता विचारलं.

“तो... तो माझा जुना,” उस्ताद म्हणाला. “तो घोडा मी फक्त घरगुती कामाला वापरायचो.”

“आणि मी तीन वर्षं ह्याच्यावर उभी आहे!”

आता मात्र सगळे फुटले. आधी रेडिओ, मग लांबट, मग हात धरून कण्हत कण्हत धाकटा. हसता हसता रेडिओ खाली बसला. उस्तादही खांबाला टेकून खदखदायला लागला होता. वहिनीनं तो काळा तुकडा दातांनी ओढून सोडला आणि त्याच्या अंगावर भिरकावला.

“हसू नका! बसा तिथं. चारी घोड्यांना नव्या काथ्याच्या दोऱ्या बांधायच्या. अखंड. गाठ फक्त शिडीच्या लाकडाला. आणि प्रत्येक दोरी मी ओढून बघणार.”

“मी बांधू?”

“मग काय मी बांधू? उस्ताद कोण आहे?”

तो खांबापाशी बसला, पाय लांब केले आणि कामाला लागला. बोटांना काही विसर पडला नव्हता. तिनं प्रत्येक गाठीला लोंबकळून बघितलं, दोन त्याच्याकडून परत बांधून घेतल्या. तो चिडला. ती म्हणाली चिडा. मग गोणपाटं आली, घोडे उभे राहिले आणि वहिनी व्यासपीठाजवळच्या पट्ट्याखाली जाऊन वर चढली. चार फटके, खाली. सरकवला, वर. चार फटके, खाली.

“अशानं खुर्च्या येईपर्यंत होतंय का?” उस्ताद काठी टेकत घोड्यापाशी आला आणि खालून कुरकुरला.

“खुर्च्या बाहेर थांबतील.”

“छताला डावीकडं पातळ लागलंय.”

“दिसतंय मला.”

“आणि रोलर फार ओला आहे तुझा,” तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. वरून ती त्याच्याकडं टक लावून बघत होती.

“ओला असू दे,” ती म्हणाली. “घोडा धरा. दोन्ही हातांनी.”

त्यानं काठी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी घोड्याचा पाय धरला.